ऐकल्यापासूनचं सुतक

जगदीश मुरबाडच्या एका कॉलेजात नीतिशास्त्र शिकवायचा, तेही तासिका तत्त्वावर. म्हणजे किती वर्षं झाली तरी तुम्ही कायम झालात असं कोणी म्हणत नाही, आणि उद्यापासून येऊ नका असंही कोणी म्हणत नाही. विषय घेणारी मुलंही ठरलेली. ज्यांना भूगोलात जागा मिळाली नाही ती इकडे यायची, मागच्या बाकांवर पसरायची आणि मार्च लागला की विचारायची, सर, नक्की काय येणार?

होळी होऊन चार-पाच दिवस झाले होते. सत्त्याण्णव साल. फळ्यावर त्यानं नेहमीचा प्रश्न लिहिला होता: खोट्यानं कुणाचं भलं होणार असेल, तर खोटं बोलावं का? एक मत म्हणतं, परिणाम बघा. दुसरं म्हणतं, खोटं ते खोटं, भलं झालं म्हणून ते खरं होत नाही. पहिल्या बाकावरची एक मुलगी लिहिता लिहिता थांबली. "पण सर, बरोबर कुठलं?"

"दोन्ही बाजू लिहायच्या," जगदीश म्हणाला. "मग खाली 'असे असले तरी' असं लिहून समारोप करायचा. मार्क कुठं जात नाहीत."

पहिल्या वर्षी हे उत्तर देताना त्याला लाज वाटली होती. आता नुसता कंटाळा यायचा. खडू ठेवून तो हात झटकत होता तेवढ्यात शिपाई दारात आला. ऑफिसात त्याच्यासाठी फोन होता.

फोनवर दामू मुकादम होता, पडघ्याच्या अलीकडच्या वीटभट्टीवरचा. "सर, वाईट बातमी हाय. तुमचे काका गेले. पहाटे नळावर तोंड धुवायला बसले ते तसेच कलंडले. डॉक्टरनं बघितलं, छातीचं होतं म्हणाला." मग थोडं थांबून तो म्हणाला, "टेम्पो उभा केलाय मी. पाड्यावर पोचवू काय? उन्हाचे दिस हायत, लवकर ठरवा."

नवशाकाका. जगदीशचे आईबाप तो चालायला लागायच्या आत गेले होते. काका-काकीला मूलबाळ नव्हतं, त्यामुळे त्याला वाढवलं, शाळेत घातलं, आश्रमशाळेतून पळून आला तेव्हा कानाला धरून परत नेलं, ते सगळं नवशाकाकानं. दिवाळी झाली की काका भट्टीवर राखणीला जायचा आणि पावसाच्या तोंडाला परत यायचा. या वेळी तो टेम्पोतून येणार होता.

आणि पाड्यावर आज लग्न होतं.

पाडा किन्हवलीच्या पुढं, डांबरी रस्ता सोडून टेकडीच्या अंगाला. लग्न भगीरथचं आणि रुपाचं. तसे ते दोघं पाच वर्षं एकत्रच नांदत होते. पाड्यावर यात कोणाला काही वावगं वाटत नाही. आधी संसार, मग जमेल तेव्हा मांडव. पण मांडवात लग्न लागेपर्यंत बाईला पाड्याच्या देवापुढं दिवा लावता येत नाही, कोणाच्या लग्नात पाटाजवळ जाता येत नाही. रुपाचं पोर चार वर्षांचं झालं होतं, दुसरं पोटात होतं, तरी ती मांडवाच्या कडेलाच. दोनदा मांडव घातला होता. पहिल्यांदा हळदीच्याच दिवशी भगीरथचा बाप गेला. दुसऱ्यांदा भावकीतली एक म्हातारी. भावकीत कोणी गेलं की सगळ्यांना सुतक, आणि सुतकात हळद नाही. आता पाड्यावर बोलणं सुरू झालं होतं की पोरीच्या पायगुणातच काही आहे. तिसऱ्यांदा मोडलं तर पुन्हा मांडव घालायला कोणी खांब रोवणार नव्हतं.

भगीरथ जगदीशच्याच भावकीतला. आणि लग्न लावणारी सावळीकाकी, म्हणजे नवशाकाकाची बायको. ती धवलेरी होती. पाड्यावर भटजी नाही, धवलेरी लग्न लावते, धवले म्हणजे लग्नाची गाणी गाऊन. ती सवाष्ण लागते. आसपासच्या तीन पाड्यांत सावळीकाकीएवढं कोणाला येत नव्हतं.

टेम्पो पाड्यावर जायचा म्हणजे मांडवासमोरूनच जायचा. दुसरी वाटच नव्हती.

फोन कानाला लावून उभा असताना जगदीशच्या डोक्यात पाड्याची ती रीत आली. सुतक ऐकल्यापासून धरायचं. माणूस कधी गेला त्याला महत्त्व नाही, बातमी कानावर पडली की त्या क्षणापासून. कोणे एके काळी सुरतेकडे गेलेला माणूस मेल्याचं पावसाळा उलटून गेल्यावर कळलं, तर पाड्यानं पावसाळ्यानंतर सुतक पाळलं. मधल्या काळात लग्नं झाली, बारशी झाली, कोणाला बाट लागला नाही. म्हणजे उद्यापर्यंत कोणाच्या कानावर पडलंच नाही तर? काकी सवाष्ण, भावकी शुद्ध, रुपाचा मांडव शाबूत. उद्या सांगायचं. यात कोणाचं काय वाईट होत होतं? जो गेला त्याला काहीच फरक पडत नव्हता.

इतकं स्वच्छ गणित त्याला वर्गात कधी मांडता आलं नव्हतं.

"टेम्पो नको," तो म्हणाला. "मीच येतो. तिथंच करू सगळं."

"आनि त्यांच्या बाई?" मुकादमानं विचारलं. "तोंड बघायला येनार नायत?"

"त्यांना जमणार नाही," जगदीश म्हणाला.

भट्टीवर पोचेपर्यंत ऊन चांगलंच चढलं होतं. चार कामकरी पुढं झाले. लाकडं मुकादमानं दिली. काकाला आग जगदीशनंच दिली, कारण द्यायला दुसरं होतं कोण? डोकं मात्र त्यानं भादरलं नाही. भादरलेलं डोकं घेऊन मांडवात कसं जाणार? बोअरिंगच्या पाण्यानं अंघोळ केली, तेच कपडे पिळून अंगावर घातले आणि हायवेवर येऊन शहापूरची जीप धरली. जीपमध्ये शेजारच्या माणसानं टाइम विचारला तर त्यानं नुसता घड्याळाचा हात पुढं केला. रडूही येत नव्हतं. नुसतं आंबून गेल्यासारखं झालं होतं, आणि पुढचा अख्खा दिवस त्याला हसऱ्या तोंडानं काढायचा होता.

शहापूरला उतरल्यावर त्याला आठवलं की बाशिंगं त्यालाच न्यायची होती. बाजारात दुकानदारानं नवरा-नवरीची दोन्ही बाशिंगं काढून काउंटरवर ठेवली आणि जगदीशचा हात पुढं गेला तो तिथंच अडकला. सुतक त्यानं काकीला लागू दिलं नव्हतं, भावकीला लागू दिलं नव्हतं. पण बातमी ऐकली होती कोणी? त्यानंच. गणितात त्यानं साऱ्या पाड्याला धरलं होतं, स्वतःला धरायचं विसरला होता. वर्गात सुतकाला अंधश्रद्धा म्हणून हसणारा माणूस तो. हात मात्र पुढं जाईना.

"कागदात गुंडाळा," तो म्हणाला. "आणि सुतळी बांधून द्या. लांब सुतळी."

दुकानदारानं वेड्याकडं बघावं तसं बघितलं. जगदीश किन्हवलीच्या एसटीत बाशिंगं सुतळीनं लोंबकळत धरून बसला, अंगाला लागू नयेत म्हणून हात आखडून. कधी नव्हे ती त्याला स्वतःची मनापासून कीव आली.

पाड्यावर पोचला तेव्हा दिवेलागण झाली होती. मांडवात बत्ती पेटवली होती, तांदूळ शिजल्याचा वास येत होता, आणि सावळीकाकी पाटाजवळ मांडी घालून गात होती. साठीची बाई, अंगानं चिपाड, पण आवाज लागला की कुत्रीसुद्धा गप्प बसायची. गाता गाताच तिनं त्याच्याकडं मान हलवली. बाशिंगं त्यानं खांबाला अडकवली आणि तो मागं सरला.

पण त्याची सुटका नव्हती. भगीरथला पाटावर बसवलं आणि काकीनं हळदीची वाटी उचलली.

"जगदीश, इकडं ये रे," ती म्हणाली. "भावकीत वडील तुझे काका. ते नायत तर तू. पयला हात तुझा."

सगळे त्याच्याकडं बघत होते. कडेला रुपा उभी होती, नवं लुगडं नेसून, पोटाशी दोन्ही हात धरून. तिच्या डोळ्यांत अजून भीतीच होती, या वेळी तरी कोणी धावत येऊन काही सांगणार तर नाही ना, अशी. तिच्याकडं बघून जगदीशला वाटलं, आपण केलं ते बरोबरच केलं. आणि त्याच वेळी, ज्या हातानं दुपारी आग दिली तो हात या हळदीत घालायचा, हे त्याच्यानं होईना.

"माझा हात भाजलाय, काकी," तो म्हणाला. "चहा सांडला. दुसऱ्या कोणाला सांग."

काकीनं त्याच्याकडं बघितलं. म्हणजे नेहमीपेक्षा काही फार वेळ बघितलं असं नाही. मग तिनं वाटी भगीरथच्या चुलत्यापुढं धरली आणि पुढचा धवला उचलला. एक ओळ तिनं दोनदा म्हटली, एवढंच. धवल्यात तसं चालतंही. त्या रात्री लग्न लागलं, बाशिंगं चढली, मांडव जेवला. नवरीनं देवापुढं पहिला दिवा लावला तेव्हा बायका रडल्या, आणि जगदीश खांबाला टेकून उभा होता.

सकाळी पाहुणे पांगले. मांडवातल्या पत्रावळ्या कोंबड्या उकरत होत्या. सावळीकाकी आपल्या ओट्यावर पाय पसरून बसली होती, आवाज पार बसलेला. रुपा पाया पडायला आली, पोर पदराला धरून. काकीनं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि नुसती मान हलवली. रुपा हसत गेली. पाच वर्षांत तिला असं हसताना जगदीशनं बघितलं नव्हतं. तेवढं तरी खरं आहे, असं मनाशी म्हणत तो ओट्यावर टेकला. काकीच्या शेजारी नाही, थोडा लांब.

"काकी," तो म्हणाला.

"सांग," ती म्हणाली. "गेली ती सगळी मानसं. आता सांग कोन गेलं."

जगदीशचा हात आपोआप मांडीखाली गेला.

"भाजलेल्या हाताला हळद नको म्हनतो काय कोनी?" काकी त्याच्याकडं न बघता म्हणाली. "लहानपनी चुलीत हात घातलास तवा हळदच लावली होती तुला. भाजलेल्याला हळद लावतात रे. नाय लावत ती सुतक असलेल्याला. तवाच वळखलं मी."

"मग विचारलं का नाहीस?"

"विचारलं असतं तर सांगितलं असतंस. सांगितलं असतंस तर मांडव मोडला असता." तिनं ओट्यावर चढलेली कोंबडी हुसकली. "तू नाय बोललास, मी नाय विचारलं. दोघं सारखीच." मग आवाज आणखी खाली नेऊन तिनं विचारलं, "वाशिंदची चंद्रकला ना? तुझी आत्या? अंथरुनावर होती म्हनून म्हनते."

जगदीश ओट्याचा पोपडा नखानं काढत राहिला.

"रात्रभर मी तिलाच मारीत होते," काकी म्हणाली. "गाताना. म्हनलं तीच असंल, म्हातारी झालीय, सुटली. एकेक धवला म्हनायची नि तिच्यावर ढकलायची. बिचारीनं काय केलंय माझं? पन दुसरं नावच मनात येऊ दिलं नाय मी. सांग ना रे. चंद्रकलाच ना?"

"काका," जगदीश म्हणाला.

ती हलली नाही. पसरलेले पाय तेवढे तिनं जवळ घेतले. समोर मांडवात कोणीतरी खांब उपटायला घेतले होते, त्यांचा ठोका ऐकू येत होता.

"कवा?"

"काल पहाटे. भट्टीवर."

"आनि तू कवा ऐकलंस?"

"काल सकाळी."

"टेम्पो असतो त्यांच्याकडं," काकी म्हणाली. "आनलं नाय?"

मग जगदीशनं ते सगळं सांगितलं जे त्यानं फोनजवळ उभं राहून ठरवलं होतं. टेम्पो मांडवासमोरून आला असता. रुपाचं तिसऱ्यांदा मोडलं असतं. पाडा तिला काय म्हणाला असता ते तुला माहीत आहे. सुतक ऐकल्यापासून असतं, म्हणून न सांगता राहिलो तर कोणालाच बाट नाही. काका तर गेलेलाच होता. तो वर्गात बोलायचा तसंच बोलत होता, एकाखाली एक मुद्दे, आणि बोलता बोलता त्याला जाणवलं की प्रत्येक मुद्दा खरा आहे आणि तरी कुठं पोचत नाही.

"मोडलं असतं," काकी म्हणाली. "खरं हाय. नायतर मी म्हनले असते, मोडू नका, मी तोंड बघून येते नि सुतक तिकडंच ठेवते. नायतर तिथंच बसून ऱ्हायले असते नि गेली असती रुपा खड्ड्यात. मला ठावं नाय मी काय केलं असतं. पन ते माझं होतं रे. माझा नवरा. माझं ठरवायचं होतं."

"तुला त्रास नको म्हणून," जगदीश म्हणाला.

"माझ्या त्रासाचं नाव नको घेऊस. तुला माझं रडनं बघायचं नव्हतं."

ते खरं होतं. मुकादमानं फोनवर सांगितलं तेव्हा त्याला पहिली आठवण रुपाची झाली नव्हती. त्याला काकीचं तोंड दिसलं होतं, आता रडायला उघडेल असं. ते तोंड त्याला सोसणार नव्हतं. रुपा नंतर आली, तिचा मांडव नंतर आला, परिणाम आणि कर्तव्य त्याहून नंतर, हात जोडून रांगेत उभं राहायला. एवढी वर्षं तो मुलांना दोन बाजू शिकवत होता. या तिसऱ्या बाजूबद्दल पुस्तकात एक ओळ नव्हती.

"होय," तो म्हणाला. "नव्हतं बघायचं."

काकीनं हे ऐकून घेतलं. रागावली नाही, की रागवायचं त्राणच तिच्यात नव्हतं, ते त्याला कळलं नाही. मग ती म्हणाली, "तोंड कसं होतं?"

त्याचं उत्तर त्यानं जीपमध्येच तयार करून ठेवलं होतं. शांत होतं, झोपल्यासारखं. कोणीही हेच सांगतो. ऐकणारालाही हेच हवं असतं, आणि यानं कोणाचं काय बिघडतं?

"झोपल्या..." तो म्हणाला आणि थांबला.

काकी त्याच्याकडं बघत होती.

"तोंड उघडं होतं," जगदीश म्हणाला. "मिटायला बघितलं, मिटेना. एक डोळा अर्धा उघडा. गालाला विटांची लाल माती लागली होती, ती मी पुसली. दाढी वाढली होती, पांढरी सगळी. एका पायात चप्पल होती, दुसरी नळाजवळ पडली होती. हात असा छातीवर आवळलेला, तो सोडवायला दोघं लागले. मुंग्या होत्या. मानेवर. त्या मी काढल्या."

"आनि?"

"बंडीच्या खिशात ही होती." त्यानं पिशवीतून तंबाखूची डबी काढून तिच्यापुढं ठेवली. झाकणाला पोचे पडलेली पितळी डबी. तिनं ती हातात घेतली, झाकण उघडलं, आत बघितलं, पुन्हा लावलं.

"आग कोनी दिली?"

"मी."

"रडलास?"

"नाही. जमलं नाही."

तिनं मांडवाकडं बघितलं. तिथं दोन बायका भांडी घासत होत्या, भगीरथ खांब खांद्यावर घेऊन चालला होता. डबी तिनं पदरात बांधली, गाठ दोनदा ओढून घट्ट केली.

"आता मी तोंड उघडलं की सगळा पाडा गोळा होनार," ती म्हणाली. "बायका मला धरनार, पानी पाजनार, मग मला कोनी काय सांगनार नाय नि तुला कोनी बोलू देनार नाय. त्याच्या आत परत सांग. पयल्यापासून. नळापासून."

जगदीश तिच्याजवळ सरकला. हळदीला न लावलेला हात त्यानं तिच्या गुडघ्यावर ठेवला आणि पुन्हा सांगायला सुरुवात केली. नळ, चप्पल, माती, उघडा डोळा. या वेळी सांगताना त्याचा आवाज फुटला, मानेवरच्या मुंग्यांपाशी, आणि तरी काकीनं त्याला थांबू दिलं नाही. सगळं सांगून झालं तेव्हा तिनं मान हलवली, जणू काका आत्ता कुठं घरी पोचला होता.

मग तिनं तोंड उघडलं. रात्रभर गाऊन बसलेल्या आवाजातून पहिल्यांदा नुसता वारा निघाला, आणि मग ते रडणं, ज्याच्यासाठी त्यानं एवढं सगळं केलं होतं. बायका हातातली भांडी टाकून धावत आल्या. भगीरथनं खांब खाली ठेवला. जगदीश उठला नाही, तिच्याकडं बघत बसून राहिला.